झोपेतली हाक

कड्यावरच्या नव्या हॉटेलला तिन्ही बाजूंनी काचा होत्या. त्या काचांत समोरचं रान जसंच्या तसं दिसायचं आणि पाखरं त्यात शिरायला जायची. हेळवडीच्या पक्षी उपचार केंद्रात महिन्याला दहाबारा तरी यायची. निम्मी वाटेतच मेलेली असायची.

मार्चमधल्या एका सकाळी हॉटेलात साफसफाई करणारी बाई बुटांचं खोकं छातीशी धरून आली. खोक्याला पेनाने भोकं पाडली होती आणि झाकणावर रबर चढवलं होतं.

"भृंगराज आहे, ताई. मघाशीच आपटला. टॉवेल टाकून उचलला आणि लगेच अंधारात ठेवला."

"पाणी पाजलंत?"

"नाही. मागच्या वेळी तुम्हीच ओरडला होतात."

कुमुद गवस हसली. नऊ वर्षं ती गावोगाव हेच सांगत आली होती. जखमी पाखरू सापडलं तर चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासात जातं. भात भरवू नका. कुरवाळू नका, त्याला ती माया वाटत नाही, कुणीतरी पकडलं एवढंच कळतं. कापड टाका, खोक्यात ठेवा, अंधार करा, थोडी ऊब द्या आणि घेऊन या. कुमुद डॉक्टर नव्हती. सावंतवाडीहून पशुवैद्य आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस केंद्र तिच्या आणि भिकाजी नावाच्या म्हाताऱ्या राखणदाराच्या हातात असायचं.

तिने खोली अंधारी केली आणि खोकं उघडलं. काळाभोर पक्षी, शेपटीतून निघालेल्या दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकाला पानासारखी पिसं. एक तार मोडली होती. मान डावीकडे कलली होती आणि एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसत होती. पंख शाबूत होते. मार मेंदूला होता.

तिने सूज उतरायचं औषध दिलं, गळ्यावरची चार पिसं बाजूला सारली आणि तिथे गळपट्टी चिकटवली.

गळपट्टी हे केंद्रातलं नाव. खरं नाव लांबलचक होतं. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ अशी ती पट्टी पुण्याच्या एका संस्थेतल्या डॉ. शर्वरी बिडवे यांनी तयार केली होती. गाणारी पाखरं झोपेतही गात असतात, पण मुक्याने. दिवसा म्हटलेलं गाणं झोपेत त्यांच्या मेंदूत पुन्हा चालू होतं आणि गळ्याच्या स्नायूंना बारीक झटके बसतात. त्यामागे श्वासाचा जोर नसतो, म्हणून नाद उमटत नाही. पट्टी ते झटके टिपायची आणि श्वास असता तर त्यांतून कुठला आवाज निघाला असता, हे संगणक हिशेब करून सांगायचा. पाखराच्या झोपेतलं गाणं माणसाला ऐकू यायला लागलं.

त्याचा उपयोग अगदी साधा होता. मेंदूला मार बसला की झोपेतलं गाणं तुटतं. जसजसा मेंदू बरा होतो, तसतसे तुकडे जुळत जातात. किती जुळले याचा आकडा रोज पडद्यावर यायचा आणि आपोआप पुण्याला जायचा. सलग दोन दिवस नव्वदच्या वर आकडा आला की पुढच्या दोन दिवसांत पाखरू सोडून द्यायचं, असा नियम होता. बरं झालेलं पाखरू कोंडून ठेवलं तर ते पुन्हा आजारी पडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन कुमुद रात्रीचं ध्वनिमुद्रण ऐकायला बसली. आकडा एकतीस होता. भृंगराज नकला करणारा पक्षी, त्यामुळे त्याच्या झोपेत सगळं रान होतं. सर्पगरुडाची शीळ अर्ध्यावर तुटलेली, शेकरूचं कचकचणं, तांबटाचं टुक टुक. मधे बराच वेळ काहीच नाही.

मग एक माणूस म्हणाला, "कुमूऽ?"

कप तिच्या हातात तसाच राहिला. तिने ध्वनिमुद्रण मागे नेलं. "कुमूऽ?" पहिलं अक्षर आखूड आणि थोडं फुटलेलं, दुसरं लांब आणि शेवटी वर चढणारं, जणू तू आहेस ना घरात असं विचारणारं. तिला या जगात एकच माणूस कुमू म्हणायचा. तो अंगणात पाऊल टाकताना अशीच हाक मारायचा.

चार वर्षांपूर्वी, अशाच मार्चमध्ये, तिचा नवरा अंकुश गवस घरातून निघून गेला होता. तशी सवयच होती त्याला. मनात आलं की गोव्याला जायचा, कुठल्या तरी बोटीवर नाहीतर हॉटेलात महिना दोन महिने काम करायचा आणि एका संध्याकाळी अंगणात येऊन हाक मारायचा. कुमुदची आई वारली तेव्हाही तो असाच गायब होता. तेराव्यानंतर आठ दिवसांनी उगवला. त्या दिवशी कुमुदने सगळं बाहेर काढलं. शेवटी म्हणाली, "जायचंच असेल तर एकदाचा जा. पुन्हा या दारात येऊ नकोस." त्याने पिशवी उचलली, स्टीलची बाटली भरून घेतली आणि तो रानातल्या वाटेने घाट उतरायला लागला.

दोन दिवसांनी त्याचा फोन बंद लागला. घाटातल्या रानात तशी रेंज नसायचीच. भिकाजी म्हणाला होता, चार माणसं घेऊन रानात बघून येऊया. कुमुदने त्याला साफ सांगितलं, "काही नको. तो गोव्याला गेलाय. मला माहीत आहे." पोलिसांत ती गेली नाही. दीराला तेच सांगितलं आणि तेव्हा अठरा वर्षांच्या असलेल्या मुलीला, ओवीलाही तेच. पुढे लोकांनी विचारणं सोडून दिलं. ओवी पुण्याला शिकायला गेली आणि कॉलेजच्या अर्जावर वडिलांच्या नावापुढे तिने रेघ ओढली.

तिसऱ्या दिवशी आकडा पन्नासवर गेला. हाक दोनदा आली. चौथ्या दिवशी हाकेच्या मागून एक कोरडा खोकला आला. पाचव्या दिवशी हाक, खोकला आणि त्यानंतर धातूवर दगड आपटल्यासारखे तीन ठोके. टण, टण, टण. मग पुन्हा हाक.

कुमुदने डॉ. शर्वरींना फोन लावला. पडद्यावर त्या प्रयोगशाळेतच दिसल्या, केसांना चिमटा लावलेला, हातात डबा.

"मॅडम, त्या भृंगराजाचं वय कळलं का? रक्त पाठवलं होतं."

"हो, आलंय. सहा वर्षांचा आहे. चांगला जुना नर आहे. का हो?"

"त्याच्या गाण्यात एका माणसाचा आवाज आहे. तो त्याने स्वतः ऐकलेला असेल का?"

"दुसऱ्या भृंगराजाकडूनही शिकला असेल. पण मग आवाज गुळगुळीत होत जातो. मी तुमची फाइल ऐकली, त्यात खोकल्याची घरघरसुद्धा आहे. एवढं बारीक म्हणजे स्वतःच ऐकलेलं."

"आणि ते ठोके?"

"झोपेत जे आवाज एकमेकांना लागून येतात ते बहुतेक एकाच जागी, एकाच वेळी शिकलेले असतात." डॉ. शर्वरींनी डबा खाली ठेवला. "कुमुदताई, काय झालंय?"

"एखादा आवाज शिकायला त्याला किती वेळा ऐकावा लागतो?"

"दुसऱ्या पाखराचा असेल तर पटकन उचलतो. माणसाचा आवाज त्याला अवघड. आमच्याकडे पक्का व्हायला तीनचार दिवस लागले. रोज शेकडो वेळा ऐकवला तेव्हा."

"बरं," कुमुद म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

त्या दुपारी तिने सगळे पिंजरे धुतले. धुतलेले पुन्हा धुतले. तीनचार दिवस. रोज शेकडो वेळा. मार्चमध्ये, जेव्हा वरचे सगळे झरे आटलेले असतात. आणि ती तेव्हा इथेच होती, याच नळाखाली हेच पिंजरे धूत होती आणि लोकांना सांगत होती की तो गोव्याला गेलाय.

सातव्या दिवशी आकडा ब्याण्णव आला. आठव्या दिवशी चौऱ्याण्णव यायला हवा होता, पण कुमुदने पहाटे ध्वनिमुद्रण उतरवून घेतलं आणि मग गळपट्टीची एक कड नखाने सैल केली. पुण्याला अडुसष्ट गेले. नवव्या दिवशीही तिने तेच केलं. दहाव्या दिवशीही.

आता दुपारीसुद्धा ती त्याच्या पिंजऱ्यावर काळं कापड टाकायची. तो पेंगायला लागला की शेजारी स्टुलावर बसून कानाला यंत्र लावायची. एवढी वर्षं जो आवाज आठवला की ती संतापायची, त्याचीच ती वाट बघत बसायची. दर वेळी वाटायचं, पुढे आणखी काहीतरी येईल. एखादा शब्द. शिवी आली तरी चालेल. पण पाखराने जेवढं उचललं होतं तेवढंच यायचं. हाक, खोकला, तीन ठोके. एकदा फक्त दोन हाकांमधलं अंतर वाढलं आणि खोकला फार बारीक झाला. तो भाग तिने एकदाच ऐकला.

बाराव्या दिवशी भिकाजी नाकतोड्यांची बरणी घेऊन आत आला तेव्हा ती तशीच बसली होती. त्याने पिंजऱ्यावरचं कापड उचललं. भृंगराजाने खाणं निम्म्यावर आणलं होतं. छातीचं हाड बोटाला लागत होतं. उरलेली दुसरी तारही त्याने जाळीवर घासून घासून तोडली होती.

"बरो झालेलो पक्षी असो दिसता?" भिकाजी म्हणाला.

कुमुदने कानातलं यंत्र काढून त्याच्या हातात दिलं. म्हाताऱ्याने ते लावलं आणि उभ्यानेच ऐकलं. मग तो हळूच जमिनीवर बसला.

"अंकुशाचोच आवाज ह्यो."

"हो."

"रानात कोणी नावान हाक मारल्यान तर ओ देवची नाय, म्हणतत," तो म्हणाला. "भुतां हाक मारतत म्हणान."

"हे भूत नाही, भिकाजी. हे मेंदूतलं आहे. त्याने ऐकलं ते त्याच्या डोक्यात राहिलंय. त्याने ऐकलं, मी नाही ऐकलं."

"मगे आता काय करतलंस? ह्याका मारतलंस?"

तिने वर पाहिलं. भिकाजीच्या बोलण्यात राग नव्हता. तो पिंजऱ्याकडे बघत होता.

"ह्यो गेलो तर तो आवाजय गेलो," तो म्हणाला. "आणि सोडलंस तर ह्यो आपल्या जाग्यार जातलो. भृंगराज आपली जागा सोडणत नाय."

ही गोष्ट कुमुदला पहिल्या दिवसापासून माहीत होती. भृंगराजाची जोडी वर्षानुवर्षं त्याच दोनचार ओढ्यांच्या परिसरात राहते. हा जिथे परत जाईल, तिथेच कुठेतरी त्याने ते ऐकलं होतं. तिला तेच नको होतं. तो पिंजऱ्यात होता तोवर अंकुश हाका मारत होता. तो सुटला की अंकुश मेलेला असणार होता.

दुसऱ्या दिवशी तिने गळपट्टी नीट बसवली आणि पुण्याला खरा आकडा जाऊ दिला. मग डॉ. शर्वरींना फोन करून काय केलं ते सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पाठीवर माग काढायची चकती लावून सोडा. नकाशा मी इथून पाठवते."

आणखी तीन दिवस भरपूर खायला घालून, मोठ्या जाळीघरात उडवून, एका सकाळी तिने हॉटेलच्या मागच्या उतारावर खोकं उघडलं. भृंगराज खोक्याच्या काठावर बसला. शेपटीच्या तारा नसल्यामुळे तो साधा काळा पक्षी दिसत होता. त्याने पंख झटकले आणि तो रानात शिरला. कुमुदने फोनवरचा ठिपका सरकताना बघितला.

ठिपका दोन दिवस हिंडला आणि मग एका जागी रेंगाळायला लागला. घाटवाटेच्या डावीकडे, एका कोरड्या ओढ्यावर. वाटेपासून जेमतेम दोनशे पावलांवर, पण मधे उभी दरड होती. कुमुद, भिकाजी आणि दोन वनरक्षक दोर लावून उतरले. खाली मोठ्या शिळांच्या बेचक्यात पानांचा जाड थर होता. वनरक्षकांनी काठीने पानं बाजूला केली.

मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलेलं होतं. पट्ट्याचं बक्कल कुमुदने ओळखलं. तो घराकडे येताना पडला की जाताना, हे तिथे कुठेच लिहिलेलं नव्हतं. शेजारी स्टीलची बाटली होती. एका बाजूने ती नवी असल्यासारखी गोल होती. दुसऱ्या बाजूने तळापासून तोंडापर्यंत ठोकून ठोकून चपटी झाली होती. पोचे मोजता येण्यासारखे नव्हते. एकावर एक पडलेले होते.

वर कुठेतरी फांदीवर भृंगराज होता. तो सर्पगरुडासारखी शीळ घालत होता. मग तांबटासारखा बोलला. वनरक्षक पंचनामा लिहीत होता आणि भिकाजी डोक्याचं मुंडासं सोडून हातात धरून उभा होता. कुमुद मान खाली घालून ऐकत राहिली. पाखराने ती हाक मारली नाही. जागेपणी त्याला ती लागत नसावी.

पुण्याहून हाडांच्या तपासणीचा कागद यायला पाच आठवडे लागले. मग अंत्यविधी झाला. ओवी आली होती. स्मशानातून आल्यापासून ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. अंगावर आंघोळीनंतर घातलेला आईचा जुना ड्रेस, केस ओले. लोक निघून गेले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. कुमुदने तिच्यासमोर पेजेचं ताट ठेवलं. तिने हात लावला नाही.

"मी त्यांच्या नावापुढे रेघ ओढली होती," ओवी म्हणाली.

"मी सांगितलं म्हणून."

"तू का सांगितलंस पण?"

"मला तसंच वाटत होतं, बाळा. वाटून घेतलं होतं."

ओवीने गुडघे पोटाशी घेतले. "भिकाजीकाका म्हणाले की तो पक्षी बाबांच्या आवाजात बोलतो."

"हो."

"किती वेळा ऐकून शिकला असेल तो?"

कुमुदला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. ओवीने विचारलं तर काही सांगू नका, असं डॉ. शर्वरींना तिने आधीच सांगून ठेवलं होतं. बाटली पोलिसांकडून घेऊन तिने एका फडक्यात बांधली होती आणि केंद्रातल्या कपाटाला कुलूप लावलं होतं. आदल्या दिवशी सकाळी तिने संगणकावर बसून एक गोष्ट केली होती. बारा दिवसांच्या ध्वनिमुद्रणातून तिने एकच हाक कापून काढली होती. अंकुशच्या त्या पहिल्या दिवसांतली वाटणारी, त्याचा आवाज अजून भरलेला होता तेव्हाची. पुढचा खोकला कापला. ठोके कापले. उरलं ते दीड सेकंदाचं होतं.

"एकदा," ती म्हणाली. "भृंगराजाला एकदा ऐकलेलं पुरतं. तेवढा हुशार असतो तो."

"म्हणजे त्यांना फार वेळ..."

"नाही. पडताना हाक मारली असेल. लगेच गेले ते. पोलिसही तसंच म्हणाले."

ओवी तिच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू सैल पडला आणि ती रडायला लागली. चार वर्षांत ती पहिल्यांदाच बापासाठी रडत होती. कुमुदने तिला जवळ घेतलं. बऱ्याच वेळाने ओवीने नाक पुसलं, ताट ओढलं आणि थंड झालेली पेज खाल्ली.

"मला ऐकव ना," ती म्हणाली.

कुमुदने फोन काढला आणि तिच्या हातात दिला. ओवीने बोट लावलं.

"कुमूऽ?"

ओवीने तोंडावर हात ठेवला. हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं तिला. "अगदी बाबा. अंगणातून यायचे तेव्हा अस्सेच."

"हो," कुमुद म्हणाली.

ओवीने पुन्हा बोट लावलं. "कुमूऽ?" मग पुन्हा. तिने फोन कानाशी नेला, डोकं भिंतीला टेकलं आणि डोळे मिटून घेतले. बोट आपोआप चालत राहिलं. "कुमूऽ? कुमूऽ? कुमूऽ?"

कुमुद तिच्या शेजारी बसून होती. तिने ताट उचललं नाही, हातही पुढे केला नाही. ऊन अंगणातून सरकत उंबऱ्यापर्यंत आलं. ती एकेक हाक ऐकत राहिली, कारण आता उठून जाणं तिला शक्य नव्हतं.